‘पूर ओसरला’ छापताय, पण पाणी गुडघाभर आहे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार. एका शब्दाबद्दल लिहितोय, हसू नका. ‘ओसरला’.

2021 च्या जुलैत पंचगंगेनं पन्नास फूट ओलांडलं तेव्हा आम्ही शुक्रवार पेठेतलं घर सोडून कागलला आक्काकडं जाऊन राहिलो होतो. एक दिवस सकाळी दाजींनी पेपर पुढ्यात टाकला, मोठ्या अक्षरात ‘पूर ओसरला’. झालं, खराटा, फिनेल, दोन बादल्या घेऊन मी आणि पोरगं निघालो. गल्लीच्या तोंडाशीच गुडघाभर पाणी, आत जावं तसं मांडीला लागाय लागलं, आणि आमच्या दाराची कडी तेवढी वर दिसत होती. दिवस वाया गेला, वर दाजींचा फोन, "काय, झालं का झाडून?"

आक्काकडं परत येऊन बातमी नीट वाचली तर आत सरळ लिहिलेलं की पाणी इंचाइंचानं उतरतंय आणि पातळी अजून धोक्याच्या वरच आहे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. म्हणजे बातमी बरोबर, हेडिंग चूक, आणि चूक एवढीच की ‘ओसरू लागला’ च्या जागी ‘ओसरला’. ओसरला म्हणजे पाणी परत पात्रात गेलं, आता फक्त चिखल राहिला. ओसरू लागला म्हणजे अजून हलू नका. आमच्याकडं म्हाताऱ्या बायकाही कधी "पाणी उतरलं" म्हणायच्या नाहीत, "उतराय लागलंय" म्हणायच्या, उतरलं हे भिंतीवरची ओली रेघ हातानं पुसून बघितल्यावरच.

त्यात आपली नदी काय पटकन ओसरणारी नव्हे. पुढं नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच फुगलेली असली की आपलं पाणी पुढं सरकायलाच मागत नाही, मागं तुंबून राहतं. म्हणून इथं पाऊस उघडून दोन दिवस झाले, ऊन पडलं, तरी पूर तसाच. पावसाचा जोर ओसरणं वेगळं आणि पूर ओसरणं वेगळं.

आणि आता लिहितोयच तर, हल्ली तुम्ही लोक सगळंच ओसरवाय लागलाय. तणाव ओसरला, सोन्याचा भाव ओसरला, परवा तर ‘आग ओसरली’. अहो तणाव निवळतो, भाव उतरतो, आग आटोक्यात येते नाहीतर विझते. ताप उतरतो, पण तापाची साथ ओसरते. जे गावभर पसरलेलं असतं आणि हळूहळू मागं सरतं ते ओसरतं, जसं नवरात्र संपलं की अंबाबाईच्या देवळापुढची गर्दी. बायकोला हे ऐकवलं तर म्हणाली तांबड्या रश्श्याचा तिखटपणा ओसरतो का? म्हटलं तो दही घातल्यावर कमी होतो, ओसरत नाही. (तिला पटलं नाही.)

बाकीचं तुम्ही कसंही छापा. पुराच्या दिवसांत मात्र हेडिंगमध्येच पातळीचा आकडा टाकत जा, आणि 39 च्या खाली येईस्तोवर ‘ओसरू लागला’ च राहू दे.

आपला एक जुना वाचक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर