बिलाला मोबाईल नंबर कशाला?

संपादक साहेब, परवा वाशीच्या एका मॉलमध्ये आईसाठी शुगर तपासायच्या पट्ट्या आणि साबण घेतला तर काउंटरवरची मुलगी म्हणे नंबर सांगा, त्याशिवाय बिलच निघत नाही. मागे ही लाईन, दिला गपचूप. (बायको बिनधास्त जुना बंद पडलेला नंबर सांगते, तिचं बरं.) आता आमच्या घरात डायबेटिस आहे हे त्या कंप्युटरला माहीत, आणि २०२३ च्या डेटा कायद्यातलं (लोकांची वैयक्तिक माहिती जपायचा कायदा) कलम ३६ बघा, केंद्र सरकार कंपनीकडून माहिती मागवू शकतं, वर कलम १७ खाली आपल्याच यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकतं. २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवली ना? मग आमची वाणसामानाची यादी बघायला निदान कोर्टाची ऑर्डर तरी लागू दे.

– एक ग्राहक, वाशी, नवी मुंबई