नवी मुंबईचे राखीव भूखंड विकू नका : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या भूखंड लिलावाची जाहिरात आली की आम्हा नवी मुंबईकरांना धास्ती वाटते. या खेपेला कुणाचं मैदान, कुणाची शाळा?

वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. लोकल यायला मात्र १९९२ उजाडलं. तोवर इथे घर घ्यायला माणसं कचरत होती. मानखुर्द-बेलापूर मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला, प्रवाशांनीही तिकिटावर अधिभार भरला. रेल्वे आली आणि शहर भरू लागलं. पुढे महापालिकेने अर्धवट अवस्थेतलं मोरबे धरण विकत घेतलं. आज शहराला स्वतःचं धरण आहे. आज भूखंडाला जो भाव येतो, तो या सार्वजनिक पैशामुळे.

आणि ही जमीन ९५ गावांची. भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून शेतकऱ्यांना परत द्या, या मागणीला बळ आलं. सार्वजनिक कामासाठी म्हणून संपादन केलेली जमीन जास्त बोली लावणाऱ्याला देऊन टाकणं मला अन्यायाचं वाटतं. पेरणीचं बियाणं विकून घर चालवण्यासारखंच आहे हे.

जे बांधलं, ते सांभाळायलाही पैसा लागतो. आमचे धारण तलाव बघा. भरतीला झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत उतरतं. खाडीला भर घालून वसवलेलं शहर या साध्या युक्तीवर कोरडं राहतं. आता तलावांत गाळ साचलाय, खारफुटी माजलीय आणि सफाई परवानग्यांच्या फाइलीत अडकते. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की सखल सेक्टरांत पाणी शिरतं.

म्हणून मागणं एवढंच : शाळा, मैदान, रुग्णालय यांसाठी लागणारे भूखंड लिलावातून कायमचे वगळा आणि त्यांची नोडनिहाय (वाशी, बेलापूर अशा उपनगरांनुसार) यादी प्रत्येक विभाग कार्यालयात लावा. बाकी विक्रीच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा धारण तलाव आणि पाणीपुरवठ्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवा. खारफुटीला धक्का न लावता गाळ कसा काढायचा, यासाठी वनविभाग, सिडको आणि महापालिका यांची एकत्र बैठक पावसाळ्याआधी आपण स्वतः घ्यावी.

आपला,
एक नवी मुंबईकर