हळदीचा गोळा, कुंकवाचं बोट

ती. काकूंना सा. नमस्कार.

प्रबंधात नाव घालायला तुम्ही नको म्हणालात, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

जानेवारीत माझं अँटिबॉडीचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रथिनाचं, द्रावण फ्रिजमध्ये, 4 अंशांवर, एका रात्रीत दुधासारखं झालं. "नासलंय, फेकून दे," असं मला सांगितलं गेलं आणि मलाही ते पटत होतं. द्रावणाच्या त्या पीएचला, म्हणजे आम्लतेला, प्रत्येक रेणूवर एकूण प्रभार धन, मीठ जेमतेम 10 मिलिमोलर. रेणूंनी एकमेकांना लांब लोटायचं, तर हे जवळ आलेच कसे? रडवेली होऊन दांडिया बाजारातल्या तुमच्या ओट्यापाशी येऊन बसले.

तुम्ही पोळ्या लाटता लाटता एवढंच विचारलंत, "थेंब होते की गुठळ्या?"

मी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघते तर गोल गोल थेंब, दोन भिडले की त्यांचा एक होई. नळी मुठीत धरली तशी हळूहळू निवळली. काहीच नासलं नव्हतं. एका द्रावणाचे दोन द्रव झाले होते, एक प्रथिनाने दाट, दुसरा विरळ.

संध्याकाळी तुम्ही कणकेचे दोन गोळे हळदीत घोळवलेत आणि प्रत्येकाला एकीकडे कुंकवाचं बोट लावलंत. हळद धन, कुंकू ऋण. "बेरीज केलीस तर हळदच जास्त. पण गोळा फिरतो ना गं!" असं म्हणत एकाचं कुंकू दुसऱ्याच्या हळदीला टेकवलंत. डेर्यागिन-लांडाऊ आणि फेरवे-ओव्हरबेक यांचा 1940च्या दशकातला सिद्धांत कोलॉइडच्या, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या बारीक, कणावर प्रभार सगळीकडे सारखा पसरलेला धरतो. माझं सगळं गणित त्यावरच उभं होतं. प्रथिनावर मात्र तो ठिपक्याठिपक्यांनी असतो, आणि विरुद्ध ठिपके अगदी जवळ समोरासमोर आले की ती ओढ एकूण प्रभाराच्या लोटण्याला पुरून उरते.

"आता मीठ घाल," म्हणालात. मी हुज्जत घातली, कारण लायसोझाइम हे अंड्यातलं प्रथिन तर मीठ घातल्यावरच गढूळ होतं. त्यावर तुमचं उत्तर मी वहीत तसंच उतरवलंय: "तिथे मीठ लोटणं झाकतं, इथे ओढ झाकेल."

150 मिलिमोलर केलं. प्रभाराची पोच 3 नॅनोमीटरवरून 0.8 वर आली. सकाळी त्याच फ्रिजमधून नळी काढली, तर तिच्या पाठीवर मार्करने लिहिलेली तारीख आरपार वाचता आली.

काकू, नळी फेकायला निघालेल्या मला तुम्ही आधी नीट बघायला लावलंत. याचे आभार कसे मानू?

ते दोन गोळे मी डब्यात ठेवलेत. पार वाळलेत, पण कुंकवाची बाजू अजून ओळखू येते. रविवारी 50 आणि 100 मिलिमोलरचे आकडे घेऊन येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची