पंपवाल्याचा दोष नव्हता

ॲबिंग्डन, रविवार संध्याकाळ

ती. आई-बाबांना सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर गाडी चालू करून दाखवली, तर बाबा, तुम्ही बघायचं सोडून फोन सरळ उजव्या कानाला लावलात. आई मागून ओरडतेय, "अहो बघा तरी, लाल आहे!" आणि तुम्ही म्हणालात, "मागचा कार्बोरेटर लीन आहे." काल बॉनेट उघडून बसले. मागचाच होता, पेट्रोल कमी ओढत होता. डॉक्टर तुमच्या डाव्या कानाबद्दल काय म्हणायचं ते म्हणोत.

आई, वाईत हल्ली ज्या एमजी दिसतात तसली ही नाही. त्या गुजरातेत हालोलला बनतात, नावाची मालकी चिनी कंपनीकडे, बिल्ला तेवढा जुना. माझी 1971 ची एमजीबी, इथल्याच कारखान्यात बनलेली. कारखाना 1980 मध्ये बंद पडला. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. आणि आपली ॲम्बॅसेडर म्हणजे तरी काय, इथल्या काउलीची मॉरिस ऑक्सफर्ड बंगालात उत्तरपाड्याला नांदायला गेली, एवढंच. इंजिनाचं घराणंही एकच: आपलं 1489 सीसीचं, हिचं 1798. हिला एसयू कार्बोरेटर दोन, आपल्या गाडीला एक. खर्चाचं म्हणशील, तर चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स माफ आहे. खालचा पत्रा सडलाय त्याचा खर्च वेगळा. तो फोनवर सांगत नाही.

हे वेड कुठून लागलं ते तुम्हाला माहीत आहे. महाबळेश्वरला एका हॉटेलासमोर मुंबईच्या कुणा पारशी गृहस्थांची एमजीए, म्हणजे हिच्या आधीची गाडी, बंद पडली होती. एवढी बुटकी गाडी मी पहिल्यांदाच बघत होते. दाराला बाहेरून कडीसुद्धा नाही. तुम्ही बॉनेट उचललंत आणि हसलात, "अरे, हे तर आपलंच इंजिन!" पॉइंट घासलेत, सेल्फ मारायला सांगितलात, गाडी सुरू. पैसे घेतले नाहीत, त्याऐवजी मला पाच मिनिटं आत बसू द्या म्हणालात. त्या चामड्याचा वास अजून नाकात आहे.

आता खरी गोष्ट. काल कार्बोरेटर लावताना सारखी आठवत होती, म्हणून पत्र. फोनवर जमलं नसतं.

मी अकरा वर्षांची, मे महिन्याची सुट्टी. तुम्ही कार्बोरेटरचं काम करायचात आणि मी बॅटरी धरायची. "बॅटरी नीट धर, माझ्या डोळ्यात नको." पेट्रोल सोडणाऱ्या जेटखालचा तो षटकोनी नट तुम्ही एकेक बाजू फिरवायचात, मग पिस्टन किंचित उचलून आवाज ऐकायचात. इंजिनाचा आवाज वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, बंद पडायला लागलं तर कमी, क्षणभर वाढून जागेवर आला तर बरोबर. मला वाटायचं, एवढ्याशा नटाने असं काय होतं? एका दुपारी तुम्ही जेवायला गेलात आणि मी पाना लावून तो पाच बाजू वर चढवून ठेवला, म्हणजे पेट्रोल कमी.

दुसऱ्या दिवशी पसरणीच्या घाटात गाडी खोकायला लागली. उतारू खाली उतरून ढकलत होते. परत आल्यावर तुम्ही तडक पंपावर गेलात आणि पेट्रोलमध्ये रॉकेल घालतोस म्हणून चारचौघांत त्या माणसाला नाही नाही ते बोललात. त्या पंपावर परत कधी पाऊल ठेवलं नाहीत. टाकी भरायला कायम गावाबाहेरच्या पंपावर.

बाबा, तो नट मी फिरवला होता.

आणि काल रात्री, हात धुताना, एक गोष्ट लक्षात आली. त्या नटावर स्प्रिंग असते. धक्क्यांनी तो पाच बाजू फिरूच शकत नाही. त्या संध्याकाळी तुम्हीच तो परत जागेवर आणलात, मी बॅटरी धरून उभी होते. एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र बॅटरी माझ्या हातातून काढून घेतलीत आणि पाना दिलात. मला वाटलं, मी मोठी झाले.

तुम्हाला कळलं होतं ना? मग पंपवाल्याशी अबोला का धरलात? एकदा भांडलो म्हणून माघार घेता येईना, असंच ना? तुमचा स्वभाव बघता तसंच असणार. पत्राचं उत्तर द्याल तेव्हा हेही लिहा.

जूनमध्ये येताना लोखंडी पेटीतला तुमचा फट मोजायचा फिलर गेज आणा. इथला नवा माझ्याकडे आहे, पण टॅपेटला पंधराचं पातं तुमच्याच हातचं हवं. आई, एक लहान गोधडी आण, मांडीवर घ्यायला. छप्पर खाली केलं की जूनमध्येसुद्धा गुडघे गार पडतात. गाडीत जागा दोघांचीच, तेव्हा आधी कोण बसणार ते भांडण तिकडेच मिटवून या.

तुमची,
मनू