चौदा नंबरची बाई

म्हापसा, शुक्रवार, रात्र

प्रिय शमे,

तुझी दोन पत्रं उशाशी पडून आहेत आणि मी तीन महिने गप्प. शिव्या नंतर घाल. तब्येत ठीक, गुडघा तसाच, आईचं बीपी गोळ्यांवर. झालं.

आता ऐक. मधुमेहावरच्या लेखासाठी जिची मुलाखत घेतली होती, त्या चौदा नंबरच्या बाईला मी चव्हाट्यावर आणलं.

घरजावईवाली गं! तुला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा किंचाळली होतीस. "म्हजी साकर म्हणल्यार घरजांवय. मान दिवंक जाय, ना जाल्यार रागार जाता." साकर म्हणजे तिचा मधुमेह; मान द्या, नाहीतर रुसतो. लेखात मी त्याचं गुळगुळीत इंग्रजी केलं होतं. तू म्हणालीस, बाईच्या तोंडचा जावई हाकलणार असशील तर सरळ प्रश्नावल्या वाट आणि टक्के काढ. म्हणून कोंकणी वाक्य जसंच्या तसं ठेवलं. देवनारच्या हॉस्टेलात याच भांडणापायी तू आठवडाभर कुकर अडवून ठेवला होतास. कुकर माझा होता, हे आजही नोंदवून ठेवते.

गेल्या मंगळवारी निष्कर्ष सांगायला आरोग्य केंद्रात गेले. कुठलं ते लिहीत नाही. पडद्यावर नाव नाही, गाव नाही, नुसतं 'सहभागी १४, स्त्री'. वाक्य दिसलं मात्र, नर्सबाई हसतच सुटल्या, "अगे, ही आमची नुस्तेंकान्न!" मासे विकते ती. तिच्या घरी खराच घरजावई आहे, आणि हे वाक्य ती दर महिन्याला गोळ्यांच्या रांगेत सगळ्यांना ऐकवते. मला कसं कळणार? २२ जणांशी मी दीड-दीड तास बोलले, पण सगळं त्यांच्या पडवीत बसून. रांगेत एकदाही उभी राहिले नाही. आणि आपण म्हणे प्राथमिक आरोग्यसेवेवर काम करतो.

हसण्यावारी गेलं असतं गं. पण पुढच्याच ओळीत होतं की ती आपल्या मधुमेहाच्या, मेटफॉर्मिनच्या गोळ्या नवऱ्याबरोबर वाटून घेते, कारण तो केंद्राची पायरी चढायला तयार नाही. दोन दिवसांनी खिडकीशी सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी निघाली. आता महिन्याच्या गोळ्या एकदम मिळत नाहीत, पंधरा दिवसांच्याच. म्हणजे एक फेरी जास्त, एक दिवसाचा धंदा बुडाला. मी घरी गेले तर चहा दिला तिने. एवढंच म्हणाली, "हांवें तुका सांगिल्लें." मी तुला सांगितलं होतं. सगळा जोर 'तुका'वर.

लेख पाठवताना मुलाखतींवरच्या संशोधनासाठीची कोरेकची ती २००७ची ३२ कलमी यादी भरली होती ना? कलम २३: मुलाखतीचा मजकूर सहभागींना दाखवला का? बिनदिक्कत 'नाही'. कलम २८: निष्कर्षांवर त्यांचं मत घेतलं का? 'नाही, वेळेअभावी.' कलम २९ला मात्र थाटात 'हो', प्रत्येक अवतरणाखाली सहभागीचा क्रमांक दिलाय म्हणून. चालून गेलं. तिला दाखवलं असतं तर जावई तिने हौसेने ठेवला असता आणि गोळ्या काढायला लावल्या असत्या. मी पैजेवर सांगते.

आणि पुढच्या महिन्यात माझी नोकरीची मुलाखत आहे. करार मार्चला संपतो. अर्जात वर मिरवायला हाच एक लेख. मागच्या खेपेला विचारलं होतं, "एन किती, म्हणजे माणसं किती?" "बावीस." "बावीसशे?" मग उपदेश: गोव्यातच नैराश्य-चिंतेच्या उपचारांवर 'मानस' झालं, २४ दवाखाने, २,७९६ रुग्ण, २०१० साली लॅन्सेटमध्ये छापून आलं, तसं का करत नाही? बीएमजे हे वैद्यकीय नियतकालिक गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखतींवरचे लेख परत पाठवतं म्हणून २०१६मध्ये ७६ प्राध्यापकांनी लिहिलेलं ते पत्र आपण कपाटावर चिकटवलं होतं, ते आठवलं. तेव्हा वाटायचं, भांडण फक्त संपादकांशी आहे.

आता काय करू? दुरुस्ती छापायला सांगितली तर ज्यांनी वाचलं नाही तेही वाचतील. डॉक्टरांना भेटून गोळ्यांचं बोलू? की नवऱ्याचा केसपेपर काढून द्यायला स्वतःच त्याला हाताला धरून नेऊ? दुसरं जमेलसं वाटतंय, पण तो माणूस हट्टी आहे. (हेही तुला लिहायला नको होतं. बघ, खोड जात नाही.)

तुझं सगळं वाचलं. नवी जागा छान, साहेबाला फार मनावर घेऊ नकोस, पोरीच्या दातांना तार लावून टाक एकदाची.

फोन करू नकोस, लिही. फोनवर तू जिंकतेस.

आज बाजारात तिच्यासमोरून जायचं धाडस झालं नाही. बांगडे पलीकडच्या बाईकडून घेतले. शिळे निघाले.

तुझीच,
नमी