उघडतं कसं ते पुरे, अडलं तर काय ते लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत स्मार्ट लॉकवर जे काही येतं ते मी सगळं वाचते, कारण गेल्या वर्षी आम्हीपण हौसेने ते दाराला बसवून घेतलं. दर वेळी तेच असतं, बोटाने उघडतं, पिनने उघडतं, कार्डाने, फोनने, आणि आता चेहरा बघूनही उघडतं. अहो, उघडायला काय, आमची जुनी किल्लीपण उघडायचीच की. हे लॉक अडलं तर माणसाने काय करायचं यावर मात्र दोन ओळी सापडत नाहीत, आणि घेताना खरं तर तेच आधी विचारायला हवं. हे शहाणपण मला रात्री साडेदहाला जिन्यात बसून आलं म्हणून लिहितेय.

त्या रात्री मी, नवरा आणि बाबा बाहेरून आलो. बोट ठेवलं, काही नाही. पिन टाकावा तर पॅड उजळेना. सेल संपलेले. त्याआधी महिनाभर ते लॉक उघडताना एक बारीक टुंटुं वाजवायचं आणि आम्ही तिघंही समजत होतो की ते असंच वाजतं. बरं, इमर्जन्सी किल्ल्या असतात की, दोन आल्या होत्या बॉक्समधे, आणि बॉक्स कुठे तर आत, कपाटावर, किल्ल्यांची प्लास्टिकची पिशवीसुद्धा न फोडलेली. मग नवऱ्याला आठवलं की लॉकच्या खालच्या कडेला दोन बारीक टिकल्या आहेत, तिथे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवली की तेवढ्यापुरता करंट मिळतो, तर तो ती शोधायला गेला आणि मी आणि बाबा पायरीवर बसून राहिलो. तो आला, मी मोबाईलचा टॉर्च धरला, त्याने बॅटरी टेकवली, पॅड उजळला, पण तो पिन टाकायला एक हात काढायचा की बॅटरी सरकायची आणि परत अंधार. शेवटी टॉर्च बाबांकडे दिला, त्याने दोन्ही हातांनी बॅटरी दाबून धरली आणि मी त्याच्या काखेतून हात घालून आकडे दाबले. खट्ट झालं तेव्हा बाबा फक्त एवढंच म्हणाले, "जुनं कुलूप कुठे टाकलंत?"

तर सेल. बहुतेक लॉकमधे चार साधे डबल ए सेल लागतात, अल्कलाईनचे, आणि ते काही महिने ते वर्षभर चालतात, पण हे वापरावर आणि लॉकमधे काय काय आहे त्यावर असतं. लॉकमधेच वायफाय असेल तर ते सेल जास्त खातं, ब्लूटूथ किंवा झिग्बीवालं (हीपण ब्लूटूथसारखीच एक वायरलेस पद्धत) कमी खातं, पण मग बाहेरगावाहून उघडबंद करायचं तर घरात एक वेगळा हब, म्हणजे लॉक इंटरनेटला जोडणारी छोटी डबी, लागतो. आम्ही पुढची चूक अशी केली की काटकसर म्हणून चार्जिंगचे सेल घातले. ते १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे, त्यामुळे लॉकला सेल किती उरलाय याचा अंदाजच नीट येत नाही. लिथियमचे डबल ए घालावेत तर ते शेवटपर्यंत व्होल्टेज टिकवून धरतात आणि मग एकदम मान टाकतात, म्हणजे वॉर्निंग येईपर्यंत उशीर झालेला असतो. कंपनीने मॅन्युअलमधे जे लिहिलंय तेच घाला, आणि बाहेरून करंट द्यायची सोय आहे का, ९ व्होल्टची की यूएसबीची, ते बघूनच घ्या. यूएसबीचं असेल तर खिशातली पॉवर बँक चालते, आमच्यासारखी वरात निघत नाही.

काही मॉडेलला किल्लीचं भोकच नसतं. भोक नाही म्हणजे चोराला वाव नाही असं सांगतात, ऐकायला बरंही वाटतं. मला तरी भोक हवंय. फक्त त्या भोकाच्या झाकणामागचा सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात फिरते तो भाग, कसला आहे ते विचारा, कारण पुढे चकचकीत काच आणि मागे एखाद्या ड्रॉवरला शोभेल असला सिलिंडर असं बऱ्याचदा असतं, आणि मग चोर कशाला तुमच्या बोटाच्या मागे लागेल.

बाहेरून आत जायचं झालं, पण त्याहून महत्त्वाचं आतून बाहेर पडायचं. घरात धूर झाला, लाईट गेले, सेल संपले, लॉकचं सर्किट जळालं, तरी आतलं हँडल एकदा खाली दाबलं की दार उघडलं पाहिजे, पिन नको, बटण नको, ॲप तर नकोच. यात तडजोड नाही. काही लॉकला आतून डबल लॉक किंवा चाईल्ड लॉक असतो, तो लावल्यावरही दार एका झटक्यात उघडतं का ते बघा. विकणाऱ्याला सेल काढून दाखवायला सांगा, तो आढेवेढे घेत असेल तर दुसरं बघा.

बोटाचं तर विचारूच नका. बाबांचं सगळं आयुष्य हाताने काम करण्यात गेलंय, त्यांचा अंगठा लागतच नाही, दहातून दोनदा लागला तर नशीब. म्हाताऱ्या माणसांच्या रेषा झिजलेल्या असतात, लहान मुलांच्या बारीक, भांडी घासून आलेल्या हाताला ओल असते. एकाच बोटाची दोनतीनदा नोंद करा, दोन्ही हातांची करा, आणि घरातल्या प्रत्येकाला बोटाशिवाय दुसरा एक रस्ता हवाच. बाबांना कार्ड दिलंय. तिथेही मेख आहे, १२५ किलोहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारी साधी कार्डं असतात त्यांना काही संरक्षणच नसतं, चुटकीसरशी कॉपी होतात, आणि मायफेअर क्लासिक नावाच्या कार्डांचं गुपित तर २००८ सालीच फुटलंय तरी ती अजून चालू आहेत. पिन चार आकडी असेल तर १०,००० शक्यता, सहा आकडी केला की थेट १० लाख, तेव्हा सहाच ठेवा, आणि खऱ्या पिनच्या मागेपुढे खोटे आकडे टाकायची सोय असेल तर ती वापरा म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही आणि काचेवर त्याच त्या बोटांचे डागही पडत नाहीत. कामाला येणाऱ्या ताईंना आमचा पिन दिलेला नाही, त्यांचा वेगळा आहे, त्यांच्या वेळेपुरताच चालतो. ही एक गोष्ट मात्र जुन्या किल्लीला जमली नसती, मान्य.

दाराबद्दल कोणी बोलत नाही त्याचंही नवल वाटतं. आमचं दार पावसाळ्यात फुगतं, कडी लावताना खांद्याने ढकलावं लागतं, आणि हे माणसाला जमतं, लॉकमधल्या चिमुकल्या मोटरला जमत नाही, ती घरघर करते, दांडा अर्ध्यात अडकतो आणि सेल संपतात. आधी सुतार बोलवा, बिजागऱ्या बघा, दार दोन बोटांनी लोटून कुलूप लागलं पाहिजे, मग लॉक आणा. दाराची जाडी मोजा, दाराच्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा (साधारण ६० किंवा ७० मिलिमीटर असतं), नाहीतर जुनं भोक एकीकडे आणि नवं लॉक दुसरीकडे अशी गत होते. आणि चौकटीवर जी पट्टी बसते तिचे स्क्रू लांब घ्या, नखाएवढ्या स्क्रूवर ती एका लाथेत निघते, मग आत कितीही संगणक असू दे.

ॲपचं थोडक्यात सांगते. २०१६ साली डेफ कॉन नावाच्या हॅकर लोकांच्या संमेलनात दोघांनी १६ ब्लूटूथ कुलपं तपासून दाखवली, त्यातली १२ उघडली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका कंपनीने चुकीचा अपडेट पाठवला आणि सुमारे ५०० लॉक एका फटक्यात बंद पडली, ज्यांच्याकडे साधी किल्ली होती तेच आत जाऊ शकले. म्हणजे अपडेट आला तरी भीती, नाही आला तर जास्तच भीती. ब्रिटनमधे २९ एप्रिल २०२४ पासून असा कायदाच आहे की इंटरनेटला जोडायची घरगुती वस्तू विकताना सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळतील ते कंपनीने सांगायचं. तुमच्या लेखात ते एवढंसं छापायला काय हरकत आहे? कुठल्याही लॉकबद्दल लिहिताना किती वर्षं अपडेट, आणि कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर दारातला पिन चालतो का, एवढं विचारून लिहा. तीन फोटो कमी टाका हवं तर.

आणि हो, ॲपमधे कोण कधी आलं याची यादी असते. मी परवा किती वाजता घरी आले ते नवऱ्याच्या फोनवर दिसतं. तो बघत नाही म्हणतो. मी त्याचं बघते.

आमचं लॉक अजून दारावरच आहे, काढलेलं नाही. साधे अल्कलाईन सेल घातलेत, टुंटुं झालं की त्याच दिवशी बदलतो. ९ व्होल्टची बॅटरी आणि एक किल्ली आता घराबाहेर असते. कुठे, ते छापायला देत नाही.

आपली,
एक नियमित वाचक