रविवारी खंजिरीचं चित्र

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता शाळेच्या व्हरांड्यात जमायचं आहे. दहानंतर ऊन आत येतं, रंग भराभर सुकतात, म्हणून वेळेवर या. ड्रॉइंग शीट मंडळाकडून. पोस्टर कलर, रुंद ब्रश, जुनं फडकं आणि पाण्याचा डबा आपापला आणावा.

विषय खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे आपल्याकडे ती घरोघरी ओळखीची. पण जशी दिसते तशी काढायची नाही, हे पुन्हा सांगतो. मागच्या वेळी बहुतेकांनी हुबेहूब तबलाच काढला होता. भजनी मंडळातले काका आधी पंधरा मिनिटं वाजवतील. तेवढा वेळ ब्रशला हात लावू नका, नुसतं ऐका. कातड्यावर थाप पडली की जाड, बुटका आवाज येतो आणि लगेच थांबतो. चकत्यांची छणछण मात्र मागे रेंगाळते. थापेला काळ्या मातीचा रंग आणि ब्रशचा एकच दाब, छणछणीला पिवळे बारीक तुकडे, असं काही सुचेल. लय वाढली की तुकडे दाट येऊ द्या. कोरी जागा भरायची घाई नको, दोन थापांमधली शांतताही चित्रातच धरा.

रशियन चित्रकार कँडिन्स्कीने १९११ साली म्यूनिकमध्ये संगीतकार शोनबर्गच्या रचनांची मैफल ऐकून असंच चित्र केलं होतं. त्यात काळा पियानो जेमतेम ओळखू येतो, भोवती पिवळा रंग नुसता उसळलेला. त्याची प्रिंट भिंतीला लावून ठेवतो, आल्याबरोबर पाहून घ्या.

येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवावं, शीट तेवढ्याच कापायच्या आहेत.